शिवणीतलं जादा कापड

ता. ३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. यात मधे बोलता येत नाही.

गाठीचा अहवाल आला. कर्करोगच आहे. डावा स्तन काढावा लागणार, वीस तारखेला ऑपरेशन. सर्जन पस्तिशीचा, स्वच्छ नखांचा, सतत दाराकडे बघणारा. त्याने वही उघडून चित्रं दाखवली. पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणायचा आणि त्याचा नवा स्तन घडवायचा. एका ऑपरेशनात भागत नाही, दोन-तीन लागतात. मी म्हटलं, पाठ मला लागते. तो हसला. त्याला तो विनोद वाटला. तीस वर्षं तलावावर पोरांना पोहायला शिकवलेल्या बाईला पाठ कशाला लागते, हे त्याच्या वहीत नसावं.

मी नको म्हणून सांगितलंय. नवा नको, आत भरायची गादी नको, काही नको. जे काढायचं ते काढा आणि वरून सपाट शिवा.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. एक, त्या दिवशी बाहेर बाकावर बसायला ये. हे गेल्यापासून फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात मी तुझंच नाव घालते. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. तुला ते जमणार नाही हे माहीत आहे, तरी प्रयत्न कर. दोन, पुढून उघडणारे दोन सदरे शिवून पाठव. डावीकडून सपाट.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच. तो वाढला तर हरकत नाही, सोबत उपदेश वाढू नये.

तुझी
बेडकी


ता. ८ जून

चि. बेडकीस,

अ. उ. आ. पत्र दोनदा वाचलं. एकदा मी वाचलं, एकदा ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकून चष्मा पुसायला घेतला तो जेवणापर्यंत पुसत होते.

उपदेश नको म्हणालीस, म्हणून अनुभव सांगते. चाळीस वर्षं कापड कापते आहे. सध्या टेबलावर नर्सेसच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आहे, दोनशे नग. त्यातल्या एकालाही मी शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडल्याशिवाय कात्री लावलेली नाही. माणूस सुटतं, वाळतं, त्याचं मन बदलतं. त्या वेळी उसवून मोठं करायला आत काहीतरी असावं लागतं. ज्याने कडेला कापून मोकळं केलं, त्याच्या दारात गिऱ्हाईक रडत उभं राहतं, आणि मग ब्रह्मदेव आला तरी कापलेलं कापड वाढत नाही.

आज तू नको म्हणतेस. वर्षाने आरशासमोर उभी राहशील तेव्हाचं काय? नववीत असताना हट्टाने केस कापून आलीस आणि तिसऱ्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडत होतीस. तू विसरली असशील, मी नाही.

सदरे सोबत पाठवते. डावीकडे आतून छोटा खिसा ठेवलाय, त्यात कापूस बसतो. घालायचा की नाही ते तुझ्या मनावर. मी एकोणीसला पोचते. उतरवून घ्यायला कुणाला पाठवू नकोस, मला पाय आहेत.

आशीर्वाद आहेत, पण मत बदललेलं नाही.

तुझी
ताई


ता. १२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सदरे मिळाले. खिसे उसवले. तुझी शिवण अशी की सुई मोडली.

केसांचं तुला चुकीचं आठवतं. केस गेले म्हणून मी रडले नव्हते. तू आईला पटवून मला महिनाभर डोक्याला रुमाल बांधायला लावलास, म्हणून रडले होते. केस मला आवडले होते.

पाण्यात मूल हातपाय झाडायला लागलं की मी एवढंच सांगते, अंगाशी भांडू नकोस, ते तुला तरंगवतं. हे सांगून हजारभर पोरं पाण्यावर आणली. आता त्याच अंगाच्या पाठीतून तुकडा काढायचा आणि पुढे डकवायचा, तो कुणी बघावा म्हणून? मला जे नाही ते आहे असं दाखवत राहायचं नाही. यापुढे कारण विचारलंस तर सांगणार नाही. नको एवढं कारण पुरेसं आहे.

फॉर्मवर मी माझ्या हाताने लिहिलंय. सपाट शिवावे, जादा कातडी ठेवू नये. सर्जनने वाचून खाली सही केली. तुला कुणी काही विचारलंच तर एकच वाक्य म्हण. ती म्हणाली तेच.

एकोणीसला वाट बघते. येताना तोंड बंद आणि माया उघडी ठेवून ये.

तुझी
बेडकी


ता. ९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू परत गेलीस आणि चार दिवसांनी पट्टी निघाली.

ताई, सपाट नाही. टाक्यांच्या वर आणि खाली कातडीची घडी आहे, रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. हात खाली घेतला की दंडाला घासते. मला वाटलं सूज असेल. नर्सला विचारलं, तर ती सर्जनला बोलवायला गेली. शेवटी सर्जन आला आणि दारात उभ्याउभ्याच म्हणाला की मुद्दाम ठेवली आहे. आधी सगळ्याच बायका नको म्हणतात, नंतर मन बदलतं, म्हणून वाट मोकळी ठेवली. मी फॉर्मचं विचारलं. तो म्हणाला, घरच्यांशी बोललो होतो.

मी त्याला सांगितलं की माझ्या घरचं असं एकच माणूस आहे, आणि ते तुझ्यासारख्या दहांना कात्रीने पळवून लावेल. त्यावर तो गप्प बसला. पकडला गेला की माणूस गप्प बसतो.

घडीच्या आत पाणी साचतंय. दोनदा सुईने काढलं. ही कातडी काढायला दुसरं ऑपरेशन लागेल, पण आधी केमोचे सहा डोस. म्हणजे पाच महिने हे अंगावर वागवायचं. तलावात पाऊल टाकायचं नाही. मी आरशावर टॉवेल टाकलाय. तुला वर्षाने होईल वाटलं होतं, मला तिसऱ्या आठवड्यात करावं लागलं, आणि ते जे गेलं त्यासाठी नाही. जे राहिलं त्यासाठी.

तू त्या दिवशी बाहेरच होतीस. तो तुझ्याशी काही बोलला होता का?

पत्राची वाट बघते. लोभ थोडा जास्त पाठव, सध्या लागतोय.

तुझी
बेडकी


ता. १५ जुलै

चि. बेडकीस,

अ. उ. आ. पत्र मिळालं. दंडाला घासतं तिथे लावायला मऊ सुती कापडाच्या सहा पट्ट्या पाठवते. रोज बदल. धुताना साबण उग्र नको. गणवेशांच्या ऑर्डरीतले चार नग राहिलेत, बाह्या आखूड कापल्या गेल्या. ह्यांचा गुडघा तसाच. औषधं वेळेवर घे. ताप आला तर लगेच दवाखान्यात जा, सकाळ होण्याची वाट बघू नकोस.

तुझी
ताई


ता. २१ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पट्ट्या पोचल्या. पत्र इतकं छोटं की आधी वाटलं भावोजींनी लिहिलंय.

मी सर्जनविरुद्ध तक्रार करते आहे. अर्ज सोबत आहे. घरच्यांची परवानगी घेतली हे तो सरळ खोटं सांगतो, असं तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तू बाहेर बाकावर होतीस, म्हणून खाली साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. फुली केली आहे तिथे कर आणि उलट टपालाने पाठव. पहिला डोस तीस तारखेला आहे, त्याआधी हे हातावेगळं करायचंय.

सहीबरोबर चार ओळी लोभाच्याही येऊ देत.

तुझी
बेडकी


ता. २६ जुलै

चि. बेडकीस,

अ. उ. आ. अर्ज सही न करता परत पाठवते. तिसरा परिच्छेद खोडून टाक. तो खोटं बोलत नाही.

ऑपरेशन अर्ध्यावर आलं तेव्हा तो बाहेर आला. तोंडावरची पट्टी हनुवटीखाली घेतलेली. म्हणाला, तुमची बहीण सपाट म्हणते, पण पुष्कळ जणी वर्षाने परत येतात. थोडी कातडी ठेवली तर पुढे सोय राहते, ठेवू का? मी म्हटलं, ठेवा. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि मीही दुसऱ्यांदा विचार केला नाही. तुझं वाक्य मला पाठ होतं. एकोणीसच्या प्रवासात मी ते मनात दोनदा म्हटलंही होतं. पण तो समोर उभा राहिला आणि मला टेबलावर पसरलेलं कापड दिसलं. कात्री लागायची वेळ झालेली आणि गिऱ्हाईक झोपलेलं. चाळीस वर्षं जे केलं तेच केलं.

याला घाबरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. मी घाबरले नव्हते. मला खात्री होती. वर्षाने तू माझे आभार मानशील असं वाटलं होतं, आणि तेव्हा काय उत्तर द्यायचं तेही मी बाकावर बसून ठरवून ठेवलं होतं. तुझं नऊ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मी त्या चार नगांच्या बाह्या आखूड कापल्या.

रुमालाचं तू सांगितलंस तेही खरं आहे. आईच्या मनात मीच भरवलं होतं. मला चांगलं आठवत होतं. तुला चुकीचं आठवत असेल अशी आशा होती.

सर्जनची तक्रार जरूर कर. तू स्वतः लिहून दिलेलं असताना त्याने मला विचारायलाच नको होतं. पण मी साक्षीदार होऊ शकत नाही. अर्जात माझं नाव खाली घालू नकोस, वर त्याच्या नावाशेजारी घाल.

लोभ मागायला आज तोंड नाही.

तुझी
ताई


ता. १४ नोव्हेंबर

ताईस,

नमस्कार. तुझी मधली सात पत्रं मिळाली. उघडली नाहीत. फेकलीही नाहीत.

तक्रार केली. तुझं नाव सांगितलंस तिथेच घातलं. सर्जनला लेखी समज मिळाली. तुला काय द्यायचं ते मला साडेतीन महिन्यांत ठरवता आलं नाही.

सहा डोस संपले. केस गेले, डोक्याला रुमाल बांधलेला नाही. घडीत दोनदा पू झाला, त्यापायी चौथा डोस लांबला. तलावावर माझ्या जागी दुसरी बाई घेतली. चांगली आहे म्हणतात. मोठ्यांच्या वर्गावरची जागा रिकामी झाली तर बघू, असं व्यवस्थापक म्हणाला. ती होत नाही हे त्यालाही माहीत आहे.

दहा डिसेंबरला दुसरं ऑपरेशन. या वेळी सर्जन बाई आहेत. मी लिहिलेलं त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा रकाना होता. पेन घेऊन बराच वेळ बसले. शेजारणीचं नाव घातलं, खोडलं.

मी क्षमा केली असं समजू नकोस. रकाना भरावा लागतो आणि माझ्याकडे दुसरं नाव नाही. बाक तोच आहे. वाक्यही तेच आहे.

बेडकी


ता. १९ नोव्हेंबर

चि. बेडकीस,

अ. उ. आ. नऊ तारखेला येते.

एक सदरा पाठवते आहे. मला कापड दुमडून कापायची सवय. एकदा कात्री चालवली की दोन्ही बाजू सारख्या निघतात. तुझा जुना कागदी खाका तसाच होता, अर्ध्या अंगाचा. तो फाडला. या वेळी कापड उलगडून पसरलं. उजवी बाजू वेगळी कापली, डावी वेगळी. डावीकडे उभारासाठी घालतात तो टक्स नाही. चार तास गेले. ह्यांना वाटलं मी नव्या मुलीला शिकवते आहे.

हा सदरा आज तुला बसणार नाही. दहा तारखेनंतर बसेल. तू लिहून दिलेल्या शब्दांवरून माप घेतलंय.

बाकी काही लिहीत नाही. सात पत्रांत लिहून झालंय.

तुझी
ताई


ता. २८ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काल पट्टी काढली. सपाट आहे. एक तिरपी रेघ, काखेपासून मधल्या हाडापर्यंत. बाईंनी आरसा हातात दिला. मी बराच वेळ पाहिलं. सुंदर नाही. माझं आहे. घरी येऊन टॉवेल काढला.

डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पोहता कधी येईल ते कुणी सांगत नाही. दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावतील. त्यांच्या आवाजावरून कळतं की आपण फार पुढचं विचारू नये. मीही विचारत नाही.

नर्सने तुझं सांगितलं. सर्जनबाई दार उघडून बाहेर आल्या, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तू बाकावरून उठून म्हणालीस, ती म्हणाली तेच. त्या काही बोलणार तोच तू पुन्हा म्हणालीस. बिचाऱ्या आटोपलं एवढंच सांगायला आल्या होत्या. नर्स हसून सांगत होती. मलाही हसू आलं, टाके ओढले.

सात पत्रांतलं पहिलं उघडलं. बाकीची सावकाश वाचीन. एकदम नाही झेपायची.

आज सदरा घातला. बसला. मग काढला, उलटा केला आणि डावीकडची शिवण खालपासून वरपर्यंत बोटाने चाचपली. ताई, आत काही सोडलेलं नाहीस.

लोभाचं आताच काही लिहीत नाही. सदरा उद्याही घालणार आहे.

बेडकी