नवस फेडल्यानंतरची आग

६ फेब्रुवारी १९७८
आज नवस फेडला. माझी नागीण बरी झाली म्हणून सासूबाईंनी देवीला कोंबडा दिला, ओटी भरली. क्वार्टर्समधल्या बायका जेवून गेल्या. सा. बा. नी प्रत्येकीला माझी पाठ दाखवली, फोड कसे सुकलेत ते. मी हसत वाढत होते. ब्लाऊज निखाऱ्यासारखा लागत होता. कातडी बरी, आग तशीच. सांगू कोणाला?

११ फेब्रु.
सा. बा. ना सांगितलं. चुकलं.
"नवस फेडलाय गं. आता दुकतंय म्हनशील तर देवी खोटी पडंल. परत तोंडातून काडू नको."
हे जेवत होते. आणखी एक भाकरी मागितली.

२ मार्च
यांना घेऊन कर्जतला डॉक्टरांकडे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू म्हणे नसेत दडून बसतो, अंगातली ताकद घटली की नागीण होऊन बाहेर येतो. फोड जातात, नस बिघडलेली राहते. तिच्यातून कसलीशी रसायनं पाझरतात आणि नुसता कपडा लागला तरी ती मेंदूला भाजल्याचं कळवते. कुठली रसायनं, थांबवायची कशी? "ते अजून आम्हालाच धड कळलेलं नाही, बाई." मला रडू आलं. कोणी तरी खरं मानलं.
हे पॉवर हाउसमध्ये ऑपरेटर. परतताना म्हणाले, "म्हंजे बिघाड नाय नि घंटी वाजतेय. आमी अशा टायमाला घंटीची वायर काडतो." भिवपुरीला घरी पोचेपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

५ मार्च
डॉ. नी दिलेली गोळी मनाच्या आजारावरही चालते, हे यांना दुकानदाराने सांगितलं. झालं! सा. बा. नी शेजारी कळवलं, सुनेला येड्याच्या गोळ्या हायेत. गोळ्या चुलीत गेल्या. चिठ्ठी तेवढी मी वाचवली.

१० मे
सा. बा. जाता-येता पाठीवर थाप मारतात. "दुकलं?" मी "नाही" म्हणते. मग यांना, "बग, बरी हाय."
आमच्या घरात याला तपासणी म्हणतात. मेल्या हाताला... जाऊ दे.

२० ऑगस्ट
सा. बा. ना बरगडीखाली फोड. नागीणच. वाडीवरचा नागीण उतरवणारा म्हातारा येऊन गेरू लावून गेला. फार घाबरल्यात. माझा हात धरला, "माज्यासाठी नवस बोल गं."
बोलले. अगदी मनापासून बोलले, हे इथे लिहून ठेवते.

१८ सप्टेंबर
खपल्या पडल्या. पण सा. बा. पदर बरगडीला लागू देत नाहीत, चिमटीत धरून बसतात. या घरात ते फक्त मला कळतं.
यांनी विचारलं, "आई, बरं हाय ना?"
"बरं हाय." माझ्याकडे बघितलं नाही.
आनंद झाला मला. खूप झाला. लाजबीज काही नाही.

२२ सप्टें.
हे म्हणाले, डाग गेले, नवस फेडून टाकू. मी बायकांना आवतण द्यायला निघाले तर सा. बा. दारात आडव्या. हळूच म्हणाल्या, "आताच नको फेडूस गं. थांब जरा."
"का, आई? दुखतंय?" मोठ्यानेच विचारलं. हे पायरीवर चपला घालत होते.
त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाय."
उद्याची आवतणं देऊन आले. कोंबडाही सांगितलाय. डॉ. ची चिठ्ठी ट्रंकेत आहे. सकाळी त्यांना कर्जतला न्यायचं की देवीला, अजून ठरत नाही.