ताईचे उपास

मंगळवार, संध्याकाळ

ताईला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. दवाखान्यात भाऊजींना विचारलं, बीपीची गोळी रोज घेत होती ना?

"उपासाच्या दिवशी नाई घे ते. उपाशीपोटी गरम पडते म्हने."

आणि उपास तरी किती! सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी... वर्षभर वाढतच गेले. गेल्या महिन्यात पवनारला तिच्याकडे गेलो, तेव्हा मीच चिडवलं होतं, "एवढे उपास काऊन वं ताई? देवाले तं सुट्टी दे!"

"गोळ्या महागल्या न बाबू. उपास धरले का महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतेत."

तिनं सरळ सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं आता कसं म्हणू? मी हसलो, आणि साबुदाण्याची उसळ आणखी थोडी वाढ म्हणालो.