पिकअप, नवा रेडिएटर आणि फ्लॅगस्टाफचा चढ

९ एप्रिल, मंगळवार. मेसा, अ‍ॅरिझोना.
पिकअप तापली. भाजी आणायला गेलो, दुसऱ्याच सिग्नलला काटा लाल पट्टीत. भर बाजारात बॉनेट उघडून वाफेत उभा. चाळीस वर्षं नॉर्थ डकोटात उणे तीसमध्ये ट्रॅक्टर चालू केलेत मी. ही वेळ माझ्यावर!
निदान: रेडिएटर. जुना, प्लास्टिकच्या टाक्यांचा, भिकार. अ‍ॅल्युमिनियमचा मागवला.

१० एप्रिल
मार्लिस विचारते, जानेवारीत डकोटाच्या घरून इकडे निघताना गाडीच्या पुढच्या जाळीमागे पुठ्ठा लावला होतास, तो काढलास का? पन्नास वर्षं संसार केला, एवढाही विश्वास नाही! थंडीत इंजिन गरम राहावं म्हणून आमच्याकडे सगळेच पुठ्ठा लावतात आणि सगळेच काढतात. माझा तर काळा रंग देऊन लावलेला, बाहेरून कुणाच्या बापाला दिसायचा नाही. काढला असणारच. म्हणालो, काढला. विषय संपला.

१३ एप्रिल
नातीचा, ब्रिटचा फोन. तिचं पदवीदान ११ मेला, सकाळी दहाला, फ्लॅगस्टाफला. चार वर्षांपूर्वी तिच्या शाळेच्या समारंभाला मी पोचलो नव्हतो. (पाण्याचा पंप गेला. पंपाचा दोष.) म्हणाली, आजोबा, या वेळी बाबांच्या गाडीतून या ना. म्हटलं, मी माझ्याच पिकअपने येणार आणि तुझं सामानही त्यातूनच आणणार. मग म्हणाली, पण या हं. चष्मा पुसला. इथे धूळ फार.

२२ एप्रिल
रेडिएटर आला. काय चकाकतो! जावई, ब्रिटचा बाप, बघायला आला. हा रुबेन दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करतो, म्हणून स्वतःला शहाणा समजतो. म्हणे, आधी हवा नीट येतेय का बघा. हवा! या वाळवंटात दुसरं आहे काय?

२४ एप्रिल
बसवला. एकट्याने. सहा तास, दोन बोटं सोलली. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी आहे, ती काढायची गरज नाही. तिच्याही पुढे बघायचा प्रश्नच नाही. जुन्या रेडिएटरला लाथ घातली. अंगठा सुजला.

२७ एप्रिल
तापली. पंख्याचा दोष. पंखा मागवला.

३ मे
पंखा बदलला. तापली. थर्मोस्टॅट बदलला. तापली. रेडिएटरवाल्यांना चार पानी पत्र लिहिलं, त्यात चोर हा शब्द सात वेळा. जरा बरं वाटलं.

८ मे
मार्लिसने पुन्हा पुठ्ठा काढला. म्हणजे, विषय. मी ताट सारलं, ओरडलो. माझा आवाज शेजारी ऐकू गेला म्हणे. जाऊ दे. ती शांतपणे म्हणाली, शनिवारी मी रुबेनच्या गाडीत बसणार. बस म्हणावं खुशाल.

११ मे, शनिवार, सकाळी ६.१०
निघालो. एकटा. कोट, टाय. या सगळ्यांच्या आधी पोचून दारात उभा राहणार.

७.५०
चढ लागला. पाटी म्हणते, गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. केला. काटा वर. इंजिनची उष्णता बाहेर यावी म्हणून हीटर लावला. शिजतोय.

८.२५
थांबलो. तापलेल्या गाड्यांसाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या पिंपातलं पाणी ओतायला घेतलं. मागून रुबेनची गाडी आली, थांबली. म्हणाला, बसा, जागा आहे. म्हटलं, चालते व्हा! मार्लिस खिडकीतून एवढंच म्हणाली, ब्रिट वाट बघेल रे. मी पाणी ओतत राहिलो. ते गेले.

१०.४०
ब्रिटचं नाव आतापर्यंत पुकारलं असणार. बोलावलेला टो-ट्रक, बंद गाड्या ओढून नेणारा, आत्ता आला. चालवणारी बाई माझ्या वयाची. मी तिला रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, सगळ्यांचे अपराध सांगितले. तिने टॉर्च घेतला, पुढच्या जाळीत पक्कड घातली आणि काळा पुठ्ठा ओढून काढला. आतल्या बाजूला लाल अक्षरं: आर्डन, मेसाला पोचलास की हा काढ. बाईने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, आर्डन तुम्हीच का?
रस्त्यावर कचरा टाकायला बंदी. पुठ्ठा सीटवर ठेवला.

संध्याकाळी, मेसा
त्यानंतर काटा मध्यावर. पावणेबाराला पोचलो. माणसं खुर्च्या उचलत होती. बाकीचे जेवायला गेलेले. ब्रिट एकटी पायरीवर, अंगात झगा, टोपी मांडीवर. काय झालं विचारलं. म्हणालो, नवा रेडिएटर सदोष निघाला.
सामान भरलं. पुढे बसताना तिने पुठ्ठा उचलला. आजीचं अक्षर ओळखलं. मांडीवर घेऊन बसली. मी गाडी चालू केली.
उतार लागल्यावर म्हणाली, आजोबा, माझं लग्न ठरलं तर आदल्या दिवशीच या. बाबांच्या गाडीने.
हो म्हणालो. काटा घरापर्यंत हलला नाही.