‘पोरा’ या शब्दाबद्दल

प्रिय अण्णा,

आज लिहितेय ते एका कादंबरीमुळे. अमेरिकेतली गुप्तहेरकथा, मराठीत नुकतीच आलीय. रविवारी सोलापुरात तिचं प्रकाशन आहे आणि मला बोलायला बोलावलंय. तुम्ही असता तर माझ्याआधी वाचून काढली असती आणि खुनी कोण ते सांगून मोकळे झाला असता.

जेकब नावाचा काळा गुप्तहेर आहे. पन्नाशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी झालेली. गोऱ्या वस्तीतला खून तो उलगडतो. शेवटी त्याच्या मुलाच्या वयाचा गोरा फौजदार त्याला म्हणतो, "शाब्बास, पोरा."

मी मूळ इंग्रजी काढून पाहिलं. तिथे ‘बॉय’ आहे. काळा माणूस म्हातारा झाला तरी त्याला बॉयच म्हणायचं, अशी ती शिवी. मराठीत येताना तिचा लाड झाला.

अनुवादकांना फोन केला. म्हटलं, "पोरा नको होतं. जेकब्या हवं होतं."

ते हसले. "जेकब्या? विनोदी वाटेल हो मॅडम. आणि आपल्याकडे असं काळं-गोरं कुठंय?"

अण्णा, मी सभा गाजवणारी बाई, पण फोन ठेवून दिला. मला तुम्ही दिसलात. भवानी पेठेतल्या आपल्या खोलीच्या दारात, हवालदाराच्या वर्दीत, हातात पेढ्यांचा पुडा. यंत्रमागाच्या कारखान्यातली चोरी तुम्ही शोधून काढली होती आणि नवा, कोवळा फौजदार सगळ्यांसमोर म्हणाला होता, "शाब्बास रे किसन्या." घरी येऊन तुम्ही ते जसंच्या तसं सांगितलंत. आनंदानं!

तुमच्याच हुद्द्याचे देशमुख, ते देशमुखसाहेब. तुम्ही निवृत्तीच्या दिवसापर्यंत किसन्या. आपली जात सगळ्या ठाण्याला ठाऊक होती. नावामागच्या शेपटीएवढ्या त्या ‘या’मध्ये ती बरोबर मावायची.

मी चिडले तर म्हणालात, "अगं, तोंडची वाफ हाय ती. पेढा खा की."

का म्हणालात असं? चपलेच्या ठशावरून चोर ओळखणारे तुम्ही, तुम्हाला तो शब्द ओळखू आला नाही? की ओळखला होतात, आणि आमच्यासाठी त्याचा पेढा केलात? तसं असेल तर मला जास्तच राग येतो. तुमचा नाही. खरं सांगू, थोडा तुमचाही.

पुस्तक छापून झालंय, ‘पोरा’ तसाच राहणार. पण रविवारी ते पान मी मोठ्यानं वाचणार आहे आणि ‘शाब्बास रे जेकब्या’ म्हणणार आहे. लोक हसतील. हसू ओसरू देईन. मग विचारीन, आज घरून निघताना कुणाला अशी हाक मारून आलात?

उत्तर आल्याशिवाय माइक सोडणार नाही. एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमची लेक,
मंगल