नळी कोणी घासली

प्रिय (सवय जात नाही, म्हणून प्रिय),

नेमबाजीच्या सरांनी विचारलं, हिच्या रायफलची नळी कोणी घासली, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, साफसफाई हाच करतो. तिथंच माझं सगळं पालटलं. रेंजवरची नोकरी गेली हे जरा वेळानं कळलं. तू गेलीस हे मात्र तिथल्या तिथं.

काल संध्याकाळी तुझी वहिनी घरी आली होती. रायफलला नवी नळी बसली, आता ब्रश कुठला आणि द्रावण कुठलं घ्यायचं, असं तू विचारलंयस म्हणे. आई दारातच म्हणाली, याचं कॉलेज बुडवलंत, नोकरी घालवलीत, आता उरलेली अक्कलही न्या. वहिनी बिचारी पाणीही न पिता गेली.

तर ऐक. ब्रश काशाचा घे, नळीच्या मापाचा. कासं पोलादापेक्षा मऊ, झिजलं तर ब्रश झिजतो, नळी नाही. नुसत्या वरवरच्या सफाईला नायलॉनचा पुरे. पोलादी ब्रश कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. द्रावण शिसं आणि काजळी काढणारं माग. ते नाकाला झोंबणारं असतं ना, ते तांबं काढायचं. तुझ्या गोळीला तांब्याचं आवरणच नाही, उगाच कशाला? आणि ब्रशची सळई नेहमी नळीच्या मागच्या टोकातून घालायची. ब्रश पुढून पूर्ण बाहेर आल्याशिवाय मागं ओढायचा नाही. नळीच्या तोंडाची कड जपायची, गोळी शेवटी तिलाच लागून सुटते. तिथं ओरखडा पडला की तुझा नेम कितीही पक्का असो, गोळी भलतीकडे.

हे सगळं मी तुला शस्त्रखोलीतल्या लांब टेबलाशी शिकवलं होतं. तू कुठं ऐकत होतीस? माझ्या बोटांचं तेल तुझ्या रुमालानं पुसत होतीस, आणि मला वाटत होतं, जगात याहून मोठी पदवी नाही. तुझ्या सरावाच्या वेळा आणि माझे कॉलेजचे तास जुळेनात, तेव्हा मी तास सोडले. वडील अजून माझ्याशी भिंतीकडे बघून बोलतात.

मग तुझं लग्न ठरलं आणि तुझे भावी यजमान रायफल सफाईची चकचकीत पेटी घेऊन अवतरले. तुला भेट. आत पोलादी ब्रश. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि सळई थेट पुढून घातली, बाटली धुवावी तशी. मी ओरडलो. तू हसून म्हणालीस, अरे काडेपेटी, किती पेटतोस, त्यांनाही करू दे की माझ्यासाठी काहीतरी. चाचणीत तुझ्या गोळ्या कागदभर पांगल्या, नेम धरायला शिकणाऱ्या पोरांसारख्या. निवड हुकली. त्यानंतर सरांची ती खोली, आणि तुझं ते उत्तर.

तू घाबरली होतीस, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो समोर बसला होता, सासर व्हायचं होतं, तोंडून निघून गेलं असेल. एक दिवस येशील आणि सरांना खरं सांगशील, याच भरवशावर मी गप्प राहिलो. मी, आणि गप्प. आईलाही नवल वाटलं.

आज सरांनी बोलावलं. जुनी नळी भिंगाखाली धरली आणि म्हणाले, गाढवा, हे ओरखडे पुढून पडलेत, तू मेलास तरी पुढून सळई घालायचा नाहीस. नाव सांग आणि उद्यापासून कामावर ये. मी म्हटलं, तीच सांगेल. सरांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, काल सकाळी ती एकटीच आली होती, मी सरळ विचारलं, तिनं पुन्हा तुझंच नाव घेतलं. म्हणजे सकाळी माझ्या नावावर खोटं बोललीस आणि संध्याकाळी त्याच माझ्याकडे वहिनीला पाठवलंस. म्हणून हे पत्र. त्याचं नाव मी सरांना सांगितलं नाही. याला प्रेम समजू नकोस, ते नाव तोंडात घ्यायची किळस आली. नोकरी नको म्हणालो. माझं सामान घ्यायला शस्त्रखोलीत आलोय, पत्र तुझ्या कप्प्यात ठेवतो. विचारलंस ते सगळं वर लिहिलंय. पुन्हा निरोप पाठवू नकोस. निघालो, बाहेरून दार ओढून घेतो.

कालपर्यंत तुझाच,
काडेपेटी