रूपाबाईचा अंगठा आणि माझं ऑडिट

डोंगरकडा,
दि. १४ फेब्रुवारी २००३

आदरणीय विश्वंभरदाजी यांना धाकटा मेहुणा उकंडराव दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. साधनाताईचा गुडघा आता बरा असंल, लेकरं मजेत असतील. इकडं आमी सगळे ठीक. तुमी तहसिलीत पुरवठ्याच्या टेबलावर बसता, हे तुमच्या सासूबाई अजून गावभर सांगून राहिल्यात.

पत्रास कारण आनंदाचं आहे. आमच्या गावातली रॉकेलची चोरी मी पकडली. (म्हणजे माझ्यासमोर पकडली गेली. पण गावाच्या रेशन दक्षता समितीत मीच होतो, हे विसरू नये.) दिवाळीनंतर हिंगोलीला समितीवाल्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पिंपात गज कसा बुडवायचा, काचेच्या नळीनं भेसळ कशी ओळखायची, वाटपाच्या वहीतली लबाडी कशी हुडकायची, हे सगळं साहेबांनी शिकवलं आणि त्याला फॉरेन्सिक ऑडिट म्हणतात असं सांगितलं. मी गावात येऊन तेच सांगितलं, तर लोकांना वाटलं फॉरेनहून कोणी येऊन राहिलं. दोन दिवस माझ्या दारात गर्दी होती.

तपासणीला मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. आमचा रॉकेलवाला संतराम, त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. मी गज बुडवला, पिंप काठोकाठ निघालं. (खाली निम्मं पाणी होतं हे मागून कळलं. तेल पाण्यावर तरंगतं हा धडा हिंगोलीत जेवणानंतर होता, आणि जेवणात बुंदी होती.) मग नळी सोडायला वाकलो तर नळी फुटली, पिंप कलंडलं आणि मी छातीपर्यंत भिजलो. घरी आमच्या मंडळीनं, पद्माबाईनं, मला चुलीजवळ येऊ दिलं न्हाई. दोन दिवस गोठ्यात जेवलो. म्हशीनंही तोंड फिरवलं.

पुढच्या सोमवारी वाटप होतं. मी खुर्चीवर देखरेख करून राहिलो होतो. तेवढ्यात तांड्यावरची रूपाबाई आली. एकटी बाई, रोजानं जाते. आठ महिने तिला रिकाम्या डब्यानं परत लावून दिलं जात होतं. संतरामनं त्याही दिवशी वही उघडून दाखवली की तिचं तेल गेलेलं आहे, दर महिन्याला डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. मीही मान डोलावली, कारण ठसे खरंच होते, निळे, स्वच्छ.

रूपाबाईनं डबा खाली ठेवला आणि पदराखालून डावा हात काढला. त्याला अंगठाच नव्हता. कडबा कापायच्या यंत्रात दोन वर्षांमागं गेलेला.

"आता सांगा," ती मला म्हणाली, "ह्यो कुणाचा अंगठा तेल नेऊन राहिला?"

संतराम म्हणाला उजवा असंल. तिनं शाई मागितली आणि उजवा अंगठा ठशाशेजारीच दाबला. तिच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण, वहीतल्या ठशावर वणाचा पत्ता न्हाई. मग मागच्या बायाही पुढं आल्या आणि एकेकीनं आपापला अंगठा उमटवला. बारा जणींच्या नावापुढं एकच अंगठा निघाला, आणि वही भरणाऱ्या संतरामच्या मेहुण्याच्या अंगठ्याला शाई लावून बघितलं, तर तो त्याचाच होता. बुधवारी नायब तहसीलदार आले, पंचनामा झाला, परवाना थांबला. शुक्रवारी तांड्यावर घरोघरी तेल पोचलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती मागं घेतली न्हाई.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
उकंडराव

ता. क. एक लहानसं काम. मी भिजलो त्या संध्याकाळी तुमच्या ऑफिसात माझा एक कागद आलेला आहे. "साठा बराबर, वाटप बराबर, तक्रार न्हाई," खाली माझी लफ्फेदार सही. तो कोणाच्या नजरेस पडायच्या आत फाईलीतून काढून चुलीत घालावा. घरचं माणूस टेबलावर असून एवढं झालं न्हाई, तर काय उपयोग?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी रूपाबाई आली. साहेबांनी तिला समितीवर घेतलंय, तेव्हापासून ती माझा प्रत्येक कागद शाळेतल्या पोरीकडून वाचून घेते. हेही पत्र वाचून घेतलं. वरचा ता. क. ऐकून तिनं पाकीट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो कागद राहू द्या. पयला चुकला, असा दुसरा लिहा." लिहिला. तिनं तो दोनदा वाचून घेतला. तेव्हा दाजी, पहिल्याला हात लावू नका, सोबतचा दुसरा त्याच्यावर लावा. अक्षर माझंच आहे, सही मात्र बिनलफ्फ्याची.