खाऱ्या पाण्यातला वीर

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

मेधाबाईंच्या घरी वाचनकट्टा. विषय — इंग्रजी युद्धकविता आणि शांतिवाद. साबुदाणा वडे बरे होते. बाकी सगळं कच्चं!

पडद्यावर इंग्रज सैनिक म्हणून फोटो दाखवला त्याच्या डोक्यावर जर्मन शिरस्त्राण. मी हात वर करून सांगितलं. बाई म्हणाल्या, हरिश्चंद्रजी, मुद्दा तो नाहीये. अहो, तोच तर आहे! ज्याला टोपी ओळखता येत नाही त्याने टोपीखालच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगू नये.

बाईंचं म्हणणं असं की पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेल्या त्या कवींनी एका अख्ख्या पिढीला युद्धाचा वीट आणला. त्यांच्यानंतर 'वीरमरण' हा शब्द कुणाला सरळ चेहऱ्याने उच्चारता येईना. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं? वीस वर्षांनी दुसरं युद्ध झालं, पहिल्याहून मोठं. मधल्या काळात तिथल्या कॉलेजातल्या पोरांनी ठरावही केला होता — राजासाठी लढणार नाही म्हणून. पुढे त्यांच्यातलेच कितीतरी विमानात बसून बॉम्ब टाकत होते. कविता पाठ होत्याच की त्यांना! आता दर नोव्हेंबरात स्मृतिदिनाला कोटावर लाल कागदी फुलं लावून त्याच कविता म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तोफा विकतात.

हे मी माझं मी वाचलेलं आहे. मला कुणी एम.ए. करायला पाठवलं नव्हतं. आयटीआय करून इथे कुवेतला आलो, इस्पितळात डायलिसिसची मशीनं दुरुस्त करतो, आणि इंग्रजी शिकलो ते शब्दकोश पहिल्या पानापासून वाचून.

शेवटी विचारलं, या कवितांत आमचा माणूस कुठे आहे? माझ्या आजोबांचे वडील त्याच युद्धात बसऱ्याकडे गेले. इथून सकाळी गाडीने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर. साहेबाला त्याचा चिखल दिसला, आमची वाळू नाही दिसली.

मग चहा आला.

आमचा मुलगा संग्राम मागच्या खुर्चीत होता. बाई त्याला शाळेत इंग्रजी शिकवतात. मी बोलत असताना तो मान खाली घालून बसला होता.

२२ फेब्रुवारी

पाणी कुठे मुरतंय ते आज कळलं. एनडीएची लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला पोरगा, एप्रिलात भोपाळला मुलाखत, तिकीट काढून झालं — आणि आज जेवताना म्हणतो, "बाबा, आय ॲम नॉट शुअर." कशाबद्दल? भोपाळबद्दल! कारण काय, तर बाईंनी वाटलेल्या कवितांचे कागद. त्यातल्या एकाला तर त्याने रंगीत पेन्सिलीने रेघा मारल्यात.

मी आवाज चढवला नाही. मुद्द्याने बोललो. म्हटलं, हे तुझे कवी घरी बसून लिहीत होते का? गेले. जखमी झाले. बरे होऊन त्यातले काही परतही गेले. म्हणून जग त्यांचं ऐकतं. इथे एसीखाली बसून शांती शांती करणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. "आधी जा, मग बोल."

तो ताटातला भात चिवडत बसला.

आपल्या देवघरात काय आहे तेही दाखवलं. वीराचा टाक. बोटाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोडेस्वार. पणजोबांचा. आमच्या नाशिककडे धुळवडीला घरोघरचे वीर ताटात घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, आंघोळ घालतात. म्हटलं, इंग्रजाने दगडावर नावं कोरली, आम्ही आमचा माणूस देवांत बसवला. आमच्यात हे असलं रडगाणं नसतं.

बायको, प्रभा, ड्यूटीवरून आलेली, सोफ्यावर बसून पायाला तेल चोळत होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

२६ फेब्रुवारी

लिबरेशन डे, इराकच्या ताब्यातून कुवेत सुटलं तो दिवस. रस्त्यावर पोरं गाड्यांवर पाण्याचे फुगे फेकतायत. या देशाला सैन्याने सोडवलं, वाचनकट्ट्याने नाही! हे मेधाबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी फुलांचा गुच्छ पाठवला. वाद घालता येत नाही की फुलं पाठवायची.

३ मार्च

महिन्याचा पहिला सोमवार, धोक्याच्या सायरनची चाचणी. आमच्या इस्पितळातली नवी नर्स टेबलाखाली शिरली. हसलो. मग समजावलं.

ठरवलंय — संग्रामने रेघा मारलेली ती कविता मराठीत आणायची आणि पुढच्या कट्ट्यावर वाचायची. इंग्रजीच्या धुक्यात सगळंच खोल वाटतं. मराठीत आणलं की पोकळ किती ते उघडं पडेल.

कविता साधी आहे. कवी फारसा कुणाला माहीत नसलेला. एक सैनिक मेलेल्या सोबत्याचे बूट पुसतोय, कारण उद्या नवा रंगरूट येणार आणि बूट त्याला मिळणार. तो येतो, घालतो, बूट बरोबर बसतात. संपली कविता. ना उपमा, ना अलंकार. याला आम्ही बातमी म्हणतो!

८ मार्च

शेवटच्या ओळीत अडकलोय. 'बूट बसले' म्हटलं तर वाक्य मधेच बसकण मारतं. 'मापात आले' म्हटलं तर शिंपी बोलतोय असं वाटतं. आठ ओळींच्या बातमीने तीन दिवस खाल्ले.

ओळ जमली की नाही हे मी मोठ्याने म्हणूनच तपासतो. त्यामुळे घरात सगळ्यांची पाठ झालीय. प्रभा आज पोळ्या लाटताना म्हणाली, ते बूट एकदाचे घाला कुणाला तरी.

११ मार्च

'मापाचे निघाले.' हेच! जणू मापाचे निघू नयेत असं बघणाऱ्याला वाटत होतं. मूळ इंग्रजीत एवढं नाही. माझंच सरस झालंय.

पण मग पोकळपण उघडं पडायचं ते कुठे पडलं? कट्ट्यावर वाचायचं की नाही ते बघू.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. शिवाय रमजान. टाक स्टीलच्या डब्यात घालून, अशरफच्या गाडीने समुद्रावर. अशरफ खालच्या मजल्यावरचा, रत्नागिरीचा, अर्दियाच्या गोदामात सुपरवायझर. रोजा असूनही दर वर्षी येतो. म्हणतो, "तुमच्या वीराचा ड्रायव्हर मीच हां, हरीभाऊ. वर गेल्यावर माज्यासाठी शिफारस करायला सांगा." संग्रामही आला.

एगैलाच्या पुढचा रिकामा किनारा. मी डबा उघडला आणि मागून हाक आली. फिरायला आलेले एक म्हातारे कुवेती गृहस्थ, हातात काठी. जुन्या लोकांना येतं तसलं मुंबईचं हिंदी. "रमदान में खाना?" आता काय सांगणार! दिवसाढवळ्या, रमजानात, समुद्रावर हिंदुस्थानी माणूस डबा उघडतोय — दुसरं कुणाला काय वाटणार? अशरफ मधे पडला. अरबीत सांगितलं, डब्यात अन्न नाही, याचे आजोबा आहेत. त्याने ते आणखीच चिघळलं! शेवटी मी तळहातावर टाक ठेवून दाखवला. म्हटलं, लढाईत गेले, बसऱ्याला. परत आले नाहीत.

म्हाताऱ्याने बघितलं. मग एवढंच म्हणाला, "मेरा भाई भी. नव्वद में इराक वाले ले गए. अभी हड्डी मिला." टाकाकडे बघत म्हणाला, अम्मा मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची.

मी म्हणालो, शहीद आहे तुमचा भाऊ, अभिमान वाटला पाहिजे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू अजून मी डब्यातलं खातोच आहे. काठी टेकत निघून गेला.

टाकाला समुद्रात आंघोळ घातली.  

१५ मार्च

हे लिहू की नको.

सकाळी देवपूजेच्या वेळी प्रभाला कालचं सांगितलं. तो म्हातारा कसा हळवा, आपण वीराचा कसा मान ठेवतो, वगैरे. ती टाकावरचं मीठ पुसत होती. समुद्राचं पाणी वाळलं की चांदीवर पांढरं धरतं.

म्हणाली, "मान नाही तो. तो पाणी मागत होता."

कोण? म्हणे, वीर. त्याच्या आईच्या स्वप्नात रोज यायचा, ओठ फुटलेले, पाणी दे म्हणायचा. भगताने सांगितलं, टाक करून देवात बसव, वर्षातून एकदा नदीवर नेऊन पाणी पाज, मग यायचा थांबेल. बायका-बायकांत हे चालत आलेलं. माझ्या आईने प्रभाला सांगितलं, लग्नानंतरच्या पहिल्याच धुळवडीला. आणि दळताना म्हणायची ती ओवीही दिली. प्रभाने म्हणून दाखवली. गाऊन नाही, नुसती सांगितल्यासारखी —

बसऱ्याच्या वाळूमंदी न्हाई पान्याचा गं घोट
माझ्या बाळाच्या टाकाला रोज दुधाचं मी बोट

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर टाक जागेवर ठेवत म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला सगळंच माहीत असतं. पण मनात यायचं, तहानेल्या माणसाला दर वर्षी खारं पाणी का पाजतात हे."

ड्यूटीला उशीर होत होता तिला. गेली.

१६ मार्च

मेधाबाईंनी विचारलंय, तुमचा अनुवाद कधी ऐकवताय? कळवलं, दुरुस्ती चालू आहे.

'आमच्यात रडगाणं नसतं' असं मी याच वहीत लिहिलंय. खोडणार नाही. मी लिहिलेलं खोडत नाही.

२१ मार्च

एगैलाच्या मॉलमध्ये मुलाखतीसाठी बूट घ्यायला गेलो. काळे, लेसचे, साध्या टोकाचे. विक्रेता टोकदार इटालियन जोड दाखवत होता. त्याला बुटातलं शून्य कळतं! मीच निवडले. संग्रामने घातले, उभा राहिला, चार पावलं चालून दाखवलं.

"परफेक्ट, बाबा."

मापाचे निघाले.

मी म्हटलं, दुसरे बघू. घट्ट वाटत असतील. त्याला नव्हते वाटत. सैल तरी असतील? नव्हते. विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. घेतले शेवटी.

३० मार्च

ईद. अशरफने शिरखुर्मा पाठवला. संग्राम तीन वाट्या प्यायला. एवढं गोड खाणाऱ्याला सैन्यात कोण घेतं, असं मी म्हटलं. विनोद म्हणून. कुणी हसलं नाही.

६ एप्रिल

आज बोलायचं ठरवलं होतं. बारावीची बोर्डाची परीक्षाही संपलीय. खोलीत गेलो तर तो त्याच बुटांना पॉलिश करत होता. वाक्य तयार होतं — तुझं मन नसेल तर राहू दे. साधं वाक्य. पण गेला दीड महिना या घरात मीच जे भाषण केलं ते गिळून हे बोलायचं!

विचारलं, ब्रश कुठला वापरतोस? चुकीचा होता. बरोबर कसा धरतात ते दाखवलं. आलो परत.

११ एप्रिल

विमानतळावर पोचवलं. तिथे एक कुटुंब पोराच्या गळ्यात हार घालून फोटो काढत होतं — कॉलेजला निघालेला पोरगा, आणि थाट लंका जिंकून आल्याचा! आम्ही असलं काही केलं नाही. प्रभाने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. म्हटलं, आत काढून घेतील, नियम आहे. "माहितीये," म्हणाली. तो तिथेच उभा राहून सगळी प्यायला.

एक सोय अजून आहे. मुलाखत पाच दिवस चालते, त्यात बहुतेक जण गळतात. पाचव्या दिवशी निकाल सांगतात, उरलेल्यांना त्याच संध्याकाळी घरी पाठवतात. शिवाय त्याच्या मनात नव्हतंच. असल्या कविता डोक्यात घेऊन गेलेला पोरगा तिथल्या साहेबांना पहिल्याच दिवशी कळेल. मेधाबाईंचा एवढा तरी उपयोग व्हावा.

१३ एप्रिल

देवघरात देवाला मागणं असं मी कधी मागत नाही. आज मागितलं. काय ते इथे लिहीत नाही.

१७ एप्रिल

संग्रामचा फोन. शिफारस झाली, म्हणजे पास. मेडिकल बाकी, पण त्यात काही निघणार नाही. मी विचारलं, तुला नक्की जायचंय का? तुझ्या मनाविरुद्ध—

हसला. म्हणाला, "बाबा, त्या कविता मला अजून आवडतात. खरं तर त्यांच्यामुळेच जातोय. तुम्हीच म्हणालात ना — आधी जा, मग बोल."

प्रभाने फोन घेतला. मी फिल्टरचं पाणी वाटीत काढून टाकाला पाजलं. त्याच्या शेजारी थोडी जागा रिकामी होती. समई उचलून तिथे ठेवली. आता तिथे दुसरं काही मावणार नाही.